नाव देण्याच्या कामाला पगार हवा

२०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडची जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने तातडीने मदत लागणाऱ्या ११३ प्राण्यांची यादी काढली. कोआला त्यात होता, दुर्मिळ पक्षी होते, बेडूक होते, आणि त्याच यादीत गोड्या पाण्यातले २२ काटेरी क्रेफिशही होते. क्रेफिश म्हणजे नदी-ओढ्यात राहणारी शेवंडच समजा: पुढे दोन जाड नांग्या, मागे पोटाची वळणारी शेपटी. डोंगरमाथ्यावरच्या एखाद-दुसऱ्या ओढ्यापुरतं ज्यांचं जग आहे, असे हे जीव. वणव्यानंतर पहिला पाऊस पडला की राख आणि मोकळी झालेली माती ओढ्यात उतरते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि आगीतून वाचलेला क्रेफिश पाण्यात गुदमरतो. धोका कळला होता. पण कुठल्या ओढ्यात कोण राहतं, त्यातला कोण जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे माहीत असल्याशिवाय अशी यादी काही आठवड्यांत होत नाही. ते माहीत होतं, कारण मेलबर्नमध्ये त्याच्या ८४ वर्षं आधी एका तरुणीने या काटेरी क्रेफिशांचा गट वेगळा काढला होता आणि त्याला युआस्टाकस हे नाव दिलं होतं. तिचं नाव एलेन क्लार्क.

१९३६ साली व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नियतकालिकात क्लार्क यांचा ऑस्ट्रेलियातल्या गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीतल्या क्रेफिशांवरचा लेख आला. पन्नासेक पानांचा. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. या एका लेखातून काय काय बाहेर पडलं ते पाहिलं की मान आदराने खाली जाते. युआस्टाकस हा जीनस, म्हणजे एकमेकींना सगळ्यांत जवळ असलेल्या प्रजातींचा गट. आज त्यात पन्नासहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक धोक्यात आहेत. चेरॅक्स डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं शेंबडं पोरही ज्याला ‘याबी’ म्हणून ओळखतं तो शेततळ्यातला क्रेफिश. आणि अ‍ॅस्टाकॉप्सिस गूल्डाय, म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा जगातला सगळ्यांत मोठा अपृष्ठवंशी प्राणी. या सगळ्यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही ‘क्लार्क, १९३६’ असं लिहिलं जातं.

यातल्या शेवटच्याजवळ थोडं थांबायला हवं. टास्मानियाच्या उत्तरेकडे, बासच्या सामुद्रधुनीकडे वाहणाऱ्या नद्यांत हा राहतो. पाणी थंड हवं, स्वच्छ हवं, काठावर झाडांची सावली हवी आणि पात्रात पडलेले, कुजत आलेले ओंडके हवेत. तेच त्याचं घर आणि तेच बरंचसं अन्न. पूर्वी पाच-सहा किलोचे क्रेफिश सापडल्याच्या नोंदी आहेत. तो चाळीस वर्षांपर्यंत जगतो, पण वाढतो अगदी सावकाश. नर नऊ वर्षांचा झाल्यावर वयात येतो, मादी चौदा वर्षांची झाल्यावर. तीही दर वर्षी वीत नाही, वर्षाआड वीते. अंडी पोटाखाली चिकटवून महिनोन्‌महिने वागवते आणि पिल्लं बाहेर आली तरी काही काळ ती आईच्या पोटाखालीच लोंबकळत राहतात. अशी एक मोठी मादी कुणी जेवणासाठी उचलली, तर त्या डोहात तिची जागा भरून यायला दीड दशक जातं. टास्मानियात १९९८ पासून या क्रेफिशाला पकडायला बंदी आहे. बंदी हा कायदा झाला, आणि कायद्याला ‘तो मोठा क्रेफिश’ असं लिहून चालत नाही. शेजारच्या नदीत त्याच्यासारखाच दिसणारा, त्याचाच लहान भाऊबंद राहतो. त्याचा नियम वेगळा असणार असेल, तर दोघांत फरक काय हे आधी कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं असावं लागतं.

ते लिहिणं म्हणजे काय असतं, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले नमुने असतात. त्यांचा रंग केव्हाच उडालेला असतो. नदीत निळा-हिरवा चमकणारा प्राणी बरणीत पिवळट होऊन बसतो. म्हणून रंगावर विसंबता येत नाही. मग भिंगाखाली नांगीच्या कडेवरचे काटे मोजायचे, डोळ्यांमधल्या टोकाचा आकार बघायचा, पोटाच्या प्रत्येक वळीवर काटा कुठे आहे नि कुठे नाही ते टिपायचं, पाठीचं कवच उचलून कल्ले कुठे आणि किती ते पाहायचं. मग लहान पिल्लात आणि म्हाताऱ्या नरात हेच काटे कसे बदलतात ते बघायचं, कारण वयाचा फरक आणि जातीचा फरक यांत गफलत झाली तर सगळंच चुकलं. आणि मग जुने कागद. या प्राण्यांवर टी. एच. हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञासारख्या मोठ्या माणसाने १८८० च्या सुमाराला हात फिरवला होता. अ‍ॅस्टाकॉप्सिस हे नाव त्यांचंच. १९१२ साली जेफ्री स्मिथ यांनी ऑस्ट्रेलियाचे क्रेफिश पुन्हा मांडले, आणि मुख्य भूमीवरचे काटेरी क्रेफिश टास्मानियाच्या क्रेफिशांबरोबर एकाच गटात राहिले. क्लार्क यांनी ते वेगळे काढले. मुख्य भूमीवरचे ते युआस्टाकस; अ‍ॅस्टाकॉप्सिस टास्मानियापुरता उरला. ही वाटणी आजतागायत टिकून आहे.

सगळं टिकलं असं नाही. त्यांनी मांडलेला आणखी एक जीनस पुढे मोडला आणि त्यातल्या प्रजाती वेगवेगळ्या नव्या नावांखाली गेल्या. काही प्रजाती दुसऱ्या प्रजातींत विलीन झाल्या. टास्मानियातल्या एका क्रेफिशाचं त्यांनी दिलेलं नाव मधल्या काळात रद्द धरलं गेलं आणि नंतरच्या अभ्यासाने ते पुन्हा उभं केलं. मला यात उणेपण दिसत नाही. क्लार्क यांनी आपला दावा असा मांडून ठेवला होता, की पन्नास वर्षांनी आलेल्या माणसाला तीच बरणी उघडून, तेच काटे मोजून ‘हे बरोबर, हे चूक’ म्हणता आलं. विज्ञानात याहून प्रामाणिक व्यवहार कुठला?

त्यांचं दुसरं काम मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, आणि ते तर कुणाच्याच तोंडी नसतं. १९४२ साली क्लार्क यांनी मॅकफर्लेन बर्नेट यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. हे बर्नेट म्हणजे १९६० चे नोबेल मिळालेले, मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधले विषाणूशास्त्रज्ञ. निबंधाचा विषय होता कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासात रक्तरसाच्या चाचण्यांचा वापर. कल्पना अशी: एका प्राण्याच्या रक्तातल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करायची आणि ती दुसऱ्या प्राण्याच्या रक्तावर टाकायची. प्रतिक्रिया जितकी जोरदार, तितकं दोघांचं नातं जवळचं. डीएनएची रचना उलगडायला अजून अकरा वर्षं होती. काटे मोजून नाती जुळवणाऱ्या बाईने सहा वर्षांत तीच नाती रक्तात तपासून बघायला घेतली. त्याच वर्षी बर्नेट आणि क्लार्क यांचा इन्फ्लुएंझावरचा, आधीच्या पन्नास वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथही आला. आज ‘वर्गीकरण हे जुनाट, बरण्यांचं शास्त्र आहे, आता जनुकं वाचायचे दिवस आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बरणी आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये भिंत आहे ही समजूत आपली आहे, क्लार्क यांची नव्हती.

तर मग एलेन क्लार्क हे नाव तुम्ही-आम्ही ऐकलेलं का नसतं? बाई होत्या म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. प्राण्यांच्या नावांपुढे ‘क्लार्क, १९३६’ हजारदा लिहिलं जातं, पण संशोधकाचं वजन ज्या संदर्भगणनेवर, म्हणजे त्याचा लेख किती जणांनी संदर्भयादीत दिला या मोजणीवर, तोललं जातं, तिच्यात हे लिहिणं सहसा धरलंच जात नाही. १९३६ चा लेख वापरायचा सगळ्यांनी, संदर्भयादीत तो द्यायचा कुणीच नाही, ही या क्षेत्राची सर्वमान्य रीत आहे. म्हणजे ज्या कामावर बाकीच्यांचं काम उभं राहतं, तेच काम मोजणीत शून्य. अशा कामाला पगार तुटपुंजा मिळतो किंवा मिळतच नाही. आणि जिथे पगार नाही तिथे बायकांना दार उघडं ठेवायला कुणाची हरकत नसते.

याचा सगळ्यांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. मेरी जेन रॅथबन यांनी स्मिथसोनियन संस्थेत खेकड्यांवर आयुष्य घातलं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी हजाराच्या घरात नव्या प्रजाती मांडल्या. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९०४ ते १९०६ दरम्यान पॅरिसहून निघाला. त्यात जगभरच्या खेकड्यांबरोबर भारतातलेही आहेत. १९१४ च्या अखेरीस त्यांनी आपलं पगारी पद सोडलं. कारण काय, तर तरुण सहकाऱ्याला, वाल्डो श्मिट यांना, पूर्णवेळ नेमायला संग्रहालयाकडे पैसे नव्हते. पद गेलं, काम सुरूच राहिलं; पुढे वर्षानुवर्षं त्या बिनपगारी तिथेच बसून खेकडे ओळखत होत्या. ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना राग येतो. रॅथबन यांच्यावर नव्हे, तर त्या व्यवस्थेवर, जिला दोघांना पगार देणं सुचलं नाही.

क्लार्क यांचा लेख ज्या संग्रहालयाने छापला, तिथलीच पुढची गोष्ट घ्या. होप मॅकफर्सन तिथे १९४६ पासून शंख-शिंपल्यांच्या विभागाच्या अभिरक्षक होत्या. १९५९ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या मक्वारी बेटावर ज्या पहिल्या चार शास्त्रज्ञ स्त्रिया गेल्या, त्यांतल्या त्या एक. १९६५ मध्ये त्यांनी लग्न केलं आणि त्यांना नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नसे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या सेवेतला हा नियम उठला १९६६ साली. एकोणीस वर्षांचा अनुभव, कुठली शिंपली कुठल्या खणात कुठल्या किनाऱ्यावरून आली याची डोक्यातली नोंद, हे सगळं एका लग्नपत्रिकेने इमारतीबाहेर गेलं. संग्रहालयाचं नुकसान किती झालं, याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात येत नाही.

म्हणून आठ मार्चला एलेन क्लार्क यांचं चित्र टाकून ‘विस्मृतीत गेलेली आद्य स्त्री निसर्गअभ्यासक’ असं लिहिणं मला पुरेसं वाटत नाही. त्याने मन हलकं होतं, एवढंच. क्लार्क यांनी जे केलं ते करायला आज कायम पगारावर किती माणसं नेमली आहेत, हा प्रश्न विचारायला हवा. आणि तो आपल्याकडे विचारायला हवा.

क्रेफिश भारताचा नव्हे हे खरं आहे. दक्षिणेकडच्या क्रेफिशांचं कुळ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहे. हे सगळे भूभाग एके काळी आपल्याला जोडलेले होते, तरीही आपल्या नद्यांत ते नाहीत. हक्सली यांनाही याने कोड्यात घातलं होतं. आपल्याकडे ती जागा खेकड्यांनी घेतली. भारतात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शंभराहून अधिक प्रजाती आहेत आणि सह्याद्रीतून गेल्या पंधरा-वीस वर्षांत नव्या प्रजाती सतत निघत आहेत. जांभ्याच्या सड्यावरचा, झाडाच्या ढोलीतला, कड्याच्या कपारीतला, एका घाटापलीकडे न सापडणारा खेकडा, अशी त्यांची राहणी. म्हणजे अगदी युआस्टाकससारखीच: जागा छोटी, जगण्याच्या अटी कडक आणि रस्ता रुंद करणारा जेसीबी जवळ.

नाव मिळाल्याने काय होतं याचा दाखला आंबोलीत आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या महादेवाच्या देवळाच्या कुंडात एक छोटा रंगीत मासा होता. तो कायमच तिथे होता. २०२० साली तो शिस्टुरा हिरण्यकेशी म्हणून शास्त्रात नोंदला गेला, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने देवळाभोवतीचं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. मासा तोच, पाणी तेच, बदललं फक्त एवढंच की कायद्याच्या कागदावर त्याला लिहिता आलं. पण हे काम व्हायला उत्साही माणसं जुळून यावी लागली. सगळ्या ओढ्यांच्या वाट्याला अशी माणसं येत नाहीत, आणि ज्यांच्या वाट्याला येत नाहीत ते ओढे अहवालात ‘जैविकदृष्ट्या विशेष काही नाही’ या ओळीखाली बुजवले जातात. कुणी पाहिलंच नाही याचा अर्थ काही नाही असा लावणं, ही आपल्या पर्यावरण मंजुऱ्यांमधली सगळ्यांत सोयीची लबाडी आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, आता पाण्याच्या थेंबातला डीएनए तपासून ओढ्यात कोण आहे ते कळतं, मग माणसं कशाला? कळतं, पण केव्हा? तो डीएनए ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो ओळख पटलेला, नाव दिलेला, संग्रहालयात जपलेला नमुना आधी असला तर. नसेल तर यंत्र म्हणतं, अज्ञात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नव्या प्रजातींचा सुळसुळाट झालाय, दोन काटे इकडचे तिकडे झाले की नवं नाव, पुढारी खूश, वर्तमानपत्रात फोटो. हे होतं, आणि ते थांबायला हवं. पण ते थांबवणार कोण? जुने नमुने काढून, शंभर खेकडे शेजारी मांडून, हे नाव टिकत नाही असं लिहिणारा माणूसच ना? असल्या फेरतपासणीच्या कामाला बातमीत जागा नसते आणि बढतीच्या अर्जात वजन नसतं. वाईट नावं वाढतात ती चांगली वर्गीकरणं करणारी माणसं कमी आहेत म्हणून.

शिवाय क्रेफिश आपल्याकडे नाहीत, हेही आता फार दिवस म्हणता येणार नाही. शोभेच्या माशांच्या व्यापारातून ते येऊ लागले आहेत. संगमरवरी क्रेफिश नावाचा एक आहे, त्याच्या सगळ्या माद्याच असतात आणि नराविना वितात. टाकीतली एक मादी नाल्यात सोडली की पुरे. तो १९९० च्या दशकापासून जर्मनीतल्या टाक्यांत माहीत होता, पण स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याचं रीतसर नाव ठरलं २०१७ मध्ये. तोवर मादागास्करच्या भातशेतांत तो पसरलाही होता. क्लार्क यांनी नाव दिलेला याबी खुद्द ऑस्ट्रेलियातच १९३२ साली पश्चिम भागात नेला गेला आणि तिथल्या स्थानिक क्रेफिशांना डोईजड झाला. खोक्यातून काय आलंय हे बंदरावर ओळखणारा माणूस लागतो, आणि तो वर्षभराच्या प्रकल्पातून तयार होत नाही.

भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली स्थापन झाली, आणि तिच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, डॉ. धृती बॅनर्जी, २०२१ मध्ये आली. एकशे पाच वर्षं लागली. आता तरी त्या संस्थेत, तिच्या पुण्यातल्या केंद्रात आणि आपल्या विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत, एकेका प्राणीगटासाठी कायमची पदं हवीत. खेकड्यांसाठी वेगळं, गोगलगायींसाठी वेगळं, पाणकिड्यांसाठी वेगळं. प्राध्यापकाच्या मूल्यमापनात जुन्या गटाची फेरतपासणी आणि संग्रहाची निगा यांना शोधनिबंधाइतके गुण हवेत, आणि प्रजातीचं नाव वापरणाऱ्या प्रत्येक निबंधाने मूळ वर्णनाचा संदर्भ यादीत द्यावा ही अट आपल्या नियतकालिकांनी घालावी. त्याला एक पैसाही खर्च नाही. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत ‘खेकडा’ एवढीच नोंद असते. पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन ओहोळात उतरणाऱ्या बायाबापड्यांना त्या एका शब्दाखाली तीन वेगळे जीव ठाऊक असतात. त्या तिघांचे नमुने घेऊन, भिंगाखाली धरून, त्या बायांना विचारून नोंद पक्की करणारा पगारी माणूस तालुक्याला एक तरी असावा, आणि प्रसूतीच्या रजेवर गेलेल्या बाईची खुर्ची ती परत येईपर्यंत तिचीच राहावी.